जिना प्रज्ञाच्या नावावर होता

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी मेट्रोत टाइमपास म्हणून वाचायचे. खाली हसण्याच्या कमेंट्सही टाकल्यात. तेव्हा आज माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार नाही.

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होते. कॉलेज गुरुग्रामला, घर गाझियाबादला. आमच्याच सरकारी कॉलनीत प्रज्ञा राहायची. तिचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचे नागपूरचे. आम्ही दोघी रोज सोबतच जायचो-यायचो.

त्या वर्षी बीआयएमचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं. म्हणजे कॉम्प्युटरवर इमारतीचं नुसतं चित्र न काढता ती खरोखर बांधायची... भिंतीला जाडी, छताला वजन, सगळं. मला काही केल्या जमेना. प्रज्ञानं शिकवलं. "अगं, रेषा काय ओढतेस यार? भिंत आहे ती, उभी कर!" म्हणायची.

प्रोजेक्ट दोघींचं मिळून होतं, एक छोटं हॉस्पिटल. कॉलेजच्या सर्व्हरवर एकच फाईल, दोघी आपापल्या लॅपटॉपवरून त्यात काम करायचो. त्यात नियम असा की एकीनं हातात घेतलेली वस्तू दुसरीला बदलता येत नाही. परवानगी मागायची, मग तिच्या स्क्रीनवर निरोप जातो आणि ती 'हो' किंवा 'नाही' दाबते. मुख्य जिना प्रज्ञाकडे होता. जिनाच कशाला... पाऊण हॉस्पिटल तिनंच उभं केलं होतं.

पहिल्या ज्युरीत, म्हणजे काम तपासायच्या फेरीत, आमचे सर मॉडेल बघून खूश झाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बहुत बढ़िया. और इसको भी साथ लेकर चलीं. कोटे वाले बच्चों को कोई तो सिखाए."

प्रज्ञा माझ्या शेजारी उभी होती. मी हसले. 'थँक यू सर' म्हणाले.

परतताना राजीव चौकला आम्ही मेट्रो बदलली. तिथे ती म्हणाली, "एक वाक्य बोलली असतीस तरी चाललं असतं."

"सरांशी कुठे वाद घालायचा? मार्क्स त्यांच्या हातात आहेत."

"अच्छा," ती म्हणाली. एवढंच.

तीन आठवड्यांनी तिला डेंग्यू झाला आणि सहाव्या दिवशी ती गेली. मधल्या दिवसांत आम्ही बोलत होतो, पण कामापुरतं. माफी मी मागितली नव्हती.

शेवटच्या ज्युरीआधी सर म्हणाले, "शीट पर अब एक ही नाम रखो. सिंपथी नहीं चाहिए." मी तिचं नाव काढून टाकलं. तेव्हाही वाद घातला नाही.

त्याच दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मी लॅबमध्ये जिन्याच्या पायऱ्या बदलायला घेतल्या. आजूबाजूला वीसेक मुलं होती. स्क्रीनवर आलं — हा जिना प्रज्ञाकडे आहे. यात नवल नव्हतं, तिनं तो सोडलाच नव्हता. सवयीनं परवानगीचं बटण दाबलं गेलं. दाबल्यावर स्वतःचंच वाईट वाटलं.

चार-पाच सेकंदांत उत्तर आलं. परवानगी नाकारली.

पुन्हा दाबलं. नाकारली. तिसऱ्यांदा दाबलं... पुन्हा तेच.

लॅबचे टेक्निशियन यादवजी यांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ खटपट केली. "मैडम, ये अपने आप नहीं होता. किसी को बैठकर दबाना पड़ता है," ते म्हणाले. मग त्यांनी सर्व्हर तपासला. प्रज्ञाचं लॉगिन ती गेली त्याच आठवड्यात बंद केलेलं होतं.

मी बाहेर येऊन काकांना, तिच्या बाबांना, फोन लावला. ते तेव्हा नागपूरला होते.

"जय भीम, बोल बेटा."

"काका, प्रज्ञाचा लॅपटॉप कोणी वापरतंय का?"

"नाही गं. माझ्यासमोर कपाटात आहे. चार्जरही गाझियाबादलाच राहिला." मग त्यांनीच विचारलं, "तिचं काम आवडलं का सरांना?"

"खूप आवडलं, काका," मी म्हणाले.

त्यानंतर मी काय केलं ते ऐका. यादवजींनी फाईलची वेगळी कॉपी काढून दिली, ज्यात कोणाचाच हक्क राहत नाही. त्यात मी जिना बदलला, माझ्या एकटीच्या नावानं प्रोजेक्ट सादर केलं आणि वर्गात पहिली आले.

निकालानंतर काका तिची कागदपत्रं घ्यायला कॉलेजात आले. कॉरिडॉरमध्ये निवडक शीट्स लावल्या होत्या. त्यांनी ते हॉस्पिटल लगेच ओळखलं, घरी तिच्या स्क्रीनवर पाहिलेलं असणार. चष्मा वर करून खालच्या नावांच्या चौकटीतून बोट फिरवत राहिले.

"बेटा, प्रज्ञाचं नाव कुठं आहे?"

"छापायचं राहिलं, काका."

"बरं," ते म्हणाले. "राहू दे. तू होतीस ना तिच्याबरोबर."

माझ्या डोक्यावर हात ठेवून ते गेले, आणि मी तिथेच उभी राहिले.

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आपापले तर्क दिले — सर्व्हर अडकला असेल, जुनं उत्तर उशिरा पोचलं असेल. यादवजींना एकही पटला नाही. मलाही नाही. तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रात असेल आणि त्याच्याकडे पक्कं टेक्निकल कारण असेल, तर प्लीज सांगा. मला ते मनापासून हवंय... ते मिळालं तर निदान ते तीन 'नाही' मशीनचे होते, असं तरी म्हणता येईल.