देवाजीभाऊंच्या नाटकाची डीव्हीडी

आरमोरीच्या बसस्टँडसमोर गोपाल दोनाडकरचा फोटो स्टुडिओ आहे. पंधरा वर्षं त्याने आसपासच्या गावांतल्या लग्नांचं शूटिंग केलं आणि त्याच्या डीव्हीडी घरोघर पोचवल्या. आता कोणी डीव्हीडी मागत नाही. त्यामुळे मार्गशीर्षातल्या एका दुपारी दिव्यानी कुथे दुकानात आली आणि "भाऊ, डीव्हीडी बनवून देता का?" म्हणाली, तेव्हा तो हसलाच.

ती हसली नाही. "बाबांसाठी पाह्यजे," एवढंच म्हणाली.

तिचे बाबा म्हणजे देवाजीभाऊ. धानाची शेती करायचे, आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या नाटकांत राजाचं काम. पल्लेदार आवाज. गोपालने लहानपणी त्यांना नाटकाच्या मंडपात पाहिलं होतं. पोळ्याच्या आधी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. त्यांच्या शेवटच्या नाटकाचा पूर्ण व्हिडिओ पुतण्याने मोबाइलवर काढून ठेवला होता.

"मोबाइलवरच दाखव ना त्याहिले."

"दाखवला. त्याहिले एवढं बारीक दिसत नाई. टीव्ही जुना आहे, डब्याचा. त्याले पेनड्राइव्ह लागत नाई. घरी डीव्हीडीचं मशीन आहे तेवढं."

गोपालने व्हिडिओ घेतला. दोन दिवसांत कन्व्हर्ट केला, चांगल्या कंपनीची एक डिस्क शिल्लक होती ती जुन्या कॉम्प्युटरवर राइट केली आणि स्वतः दिव्यानीच्या गावी घेऊन गेला.

पहिली वीस मिनिटं झकास गेली. देवाजीभाऊंचा अर्धा चेहरा हसत होता. डावा हात गोधडीवर ताल धरत होता. मग दुसरं पद सुरू झालं आणि आवाज मागे पडू लागला. पडद्यावरच्या राजाचं तोंड मिटायचं, तान नंतर ऐकू यायची. देवाजीभाऊंचा हात थांबला. त्यांनी घशातून काहीतरी आवाज काढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबा तालाले लय पक्के होते, भाऊ," दिव्यानी हळूच म्हणाली. "पेटीवाला चुकला तं भर नाटकात थांबवायचे."

गोपाल परत आला तो ते डोक्यात घेऊनच. दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, आवाज मागेच. आवाज वेगळा काढून तीन सेकंद पुढे सरकवला, तर शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली. शेवटी त्याने वडशाच्या अमरला फोन केला. पूर्वी दोघं मिळून लग्नांचं शूटिंग करायचे.

"मोबाइलचा व्हिडिओ आहे ना?" अमर म्हणाला. "मोबाइल एका सेकंदात कधी तीस फोटो घेते, कधी बावीस. डीव्हीडीले पंचवीसच पाह्यजे. आधी ते एकसारखं कर, मंग कन्व्हर्ट कर."

त्यात सगळा दिवस गेला. मधे एकदा विजेची लाइन गेली आणि पहिल्यापासून करावं लागलं. पण जुळलं. कॉम्प्युटरवर पाहताना गोपालच्या अंगावर काटा आला, इतके ओठ आणि आवाज एक झाले होते.

डिस्क मात्र उरल्या नव्हत्या. वडशातून मिळाल्या त्या बिननावाच्या. पहिली शहाण्णव टक्क्यांवर अडकली. दुसरी राइट झाली, पण उघडेना. कॉम्प्युटरचा डीव्हीडी रायटर म्हातारा झाला होता. तिसरी त्याने अगदी कमी स्पीडवर लावली आणि ती पूर्ण होईपर्यंत माऊसला हात लावला नाही. ती चालली.

गावी गेल्यावर मशीनमध्ये घातली. टीव्हीवर अक्षरं आली, "नो डिस्क".

काढली, शर्टाला पुसली, घातली. नो डिस्क. मशीन उघडून लेन्स कापसाने पुसली. नो डिस्क. देवाजीभाऊ उशीला टेकून पाहत होते.

"काऊन नाई घेत, भाऊ?" दिव्यानीने विचारलं.

"डिस्क हलकी आहे. आणि मशीनचा डोळा कमजोर झाला," गोपाल म्हणाला. "पण यात सगळं बरोबर आहे, खरंच सांगतो."

दहाव्यांदा डिस्क बाहेर आली तेव्हा देवाजीभाऊंनी हात वर केला. पुरे. मग कपाटावरच्या पहिल्या डीव्हीडीकडे बोट दाखवलं.

ती लागली. त्यांनी रिमोटकडे बोट केलं. दिव्यानीने आवाज वाढवला. त्यांनी मान हलवली.

"कमी करू?"

तिने कमी केला. ते बोट खाली करत राहिले. ती कमी करत गेली, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत. तेव्हा कुठे त्यांनी हात गोधडीवर ठेवला आणि ताल धरला. पडद्यावर राजा तोंड उघडून गात होता, घरात काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या ओठांशी हाताचा ठेका तंतोतंत जुळत होता.

गोपालने नवी डिस्क परत पाकिटात घातली. दिव्यानी चहा ठेवायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

नंतर त्याने नव्या डीव्हीडी मशीनसाठी गडचिरोलीला विचारलं, नागपूरला विचारलं. तसं मशीन आता येत नाही, असंच सगळीकडे ऐकलं.

होळीच्या सुमारास दिव्यानीचा फोन आला. "भाऊ, आता ते जुनीही डीव्हीडी अटकून राह्यली. चौथ्या पदापाशी. बाबा एकच हात छातीशी धरून मले विनवतेत."

"येतो," गोपाल म्हणाला. जाऊन काय करणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दुकान बंद केलं आणि गाडी काढली.