काझी मॅडमच्या ताटल्या

काझी मॅडमच्या वर्गात हजेरीला 'येस मॅडम' चालत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि त्या दिवशी कॉलेजला येताना रस्त्यात दिसलेल्या एका झाडाचं नाव सांगायचं. आधी कुणी सांगितलेलं झाड पुन्हा सांगितलं तर गैरहजेरी. पहिल्या दहा-बारा जणांचं निभावून जाई. कडुनिंब, बाभूळ, पिंपळ, रुई, सुबाभूळ. माझा नंबर शेवटून चौथा होता. तोवर शहरातली सगळी झाडं संपलेली असत. एकदा मी वैतागून 'मनी प्लांट' म्हणालो.

"तो कुठं भेटला तुला?"

"खोलीच्या खिडकीत, मॅडम."

"म्हणजे आज तू खिडकीपर्यंतच आलास," असं म्हणून त्यांनी गैरहजेरी मांडली.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी पाचोडहून येऊन एका मित्राबरोबर खोली करून राहत होतो. मॅडम आम्हाला बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकवत. काटक बांधा, सुती साडी, कोपराच्या खाली उतरलेल्या बाह्या आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग. त्या मूळच्या पिशोरच्या. रागावल्या की मराठीत बोलत आणि लाडात आल्या की घरच्या दखनी उर्दूत. आमच्या वाट्याला दखनी फारच थोडी आली. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. तीन वर्षं मी त्यांच्यासाठी 'पाचोड' होतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कोण कोण इथं चुकून आलंय? हात वर करा." आम्ही साठजण होतो. पहिल्यांदा कुणी हात वर करेना. मग एकाने केला, मग सगळ्यांनीच केले. प्रत्येकाचं मेडिकल थोडक्यात हुकलेलं होतं. माझंही थोडक्यात, असं आमचे वडील पाचोडात सांगत. ते थोडकं किती होतं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"मीपण चुकूनच आले," मॅडम म्हणाल्या. "एसटी या कॉलेजसमोर थांबायची. इंजिनिअरिंगचं कॉलेज दोन थांबे पुढं होतं, आणि वडिलांनी सांगितलं होतं की पहिल्या थांब्याला उतरायचं. पण एक ध्यानात ठेवा. ही डॉक्टरकीची वेटिंग रूम नाय. इथून कुठलीच गाडी सुटत नाय. बसलात तर इथंच बसा, नाहीतर उठून जा."

सातजण पुढच्या वर्षी खरंच उठून मेडिकलला गेले. त्यांना निरोप देताना मॅडम म्हणाल्या, "जा. पेशंट तरी तुमच्याशी बोलतील. झाडाला खोटं बोलता येत नाय, म्हणून त्याच्याकडं कुणी जात नाय."

त्यांची स्वतःची गाडीही कुठं सुटली नव्हती, हे सांगायला हवं. दगडफुलावर त्यांचं पीएच.डी.चं काम चालू होतं. मसाल्यात घालतात तेच दगडफूल. आम्ही शिकायला गेलो तेव्हा त्या कामाला चौदा वर्षं झाली होती. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले होते, दुसरे वारले होते. "प्रबंध कुठवर आला, मॅडम?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे. "ते वर्षाला केसभर वाढतं. मी त्याच्यापुढं कशी जाऊ?" अभ्यासक्रम त्यांनी एकाही वर्षी पूर्ण केला नाही. परीक्षेत जे येई ते त्यांनी शिकवलेलं नसे आणि त्यांनी शिकवलेलं कुठल्याच परीक्षेत येत नसे. आमच्या निकालावर त्याचा परिणाम दिसे आणि प्राचार्य त्यांना त्यावरून बोलत. त्या ऐकून घेत आणि गळ्यातलं भिंग उचलून सहजपणे प्राचार्यांच्याच टेबलावरच्या कुंडीतली कीड दाखवत.

प्रात्यक्षिकाच्या वहीचा मात्र त्यांना भयंकर सोस. कांद्याच्या मुळाचं टोक काचपट्टीवर चेपून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा विभागतात ते बघायचं आणि चित्र काढायचं, असा एक प्रयोग असतो. पेशी कुणालाच दिसत नसत. चित्र मात्र सगळ्यांचं उत्तम येई, कारण ते पुस्तकात असे. मी तर रंगीत पेन्सिलींनी काढलं होतं. मॅडमनी माझ्या स्लाइडवर डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"पाचोड, हे तुला इथं दिसलं?"

"हो, मॅडम."

"मला हवेचा बुडबुडा दिसतोय."

मी पुस्तक बाकाखाली सरकवलं.

"तो काढ."

सगळा वर्ग हसत असताना मी अख्ख्या पानावर बुडबुडा काढला. त्याला नाव दिलं, बाण दाखवला. त्यांनी दहापैकी आठ गुण दिले. पुस्तकातलं चित्र काढणाऱ्या बाकीच्यांना तीन. "दिसलं ते लिहायचं. दिसायला पाहिजे होतं ते लिहायला सरकारनं दुसरी माणसं ठेवली हायेत." हे वाक्य त्या आठवड्यातून एकदा तरी म्हणत.

आमच्या तुकडीचं पुढं काय झालं हे सांगण्यासारखं आहे. जीवशास्त्र शिकून माणूस काहीही होऊ शकतो, फक्त जीवशास्त्रज्ञ होऊ शकत नाही, हे आम्ही सिद्ध केलं. चौघं औषधांच्या बॅगा घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळू लागले. एकीनं डॉक्टरशी लग्न केलं आणि ती आमच्यापैकी मेडिकलच्या सर्वांत जवळ पोचली. एकाने रक्त-लघवी तपासायची लॅब टाकली. एकजण प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झाला होता, त्याने त्या अनुभवावर मेडिकल प्रवेशाचे क्लासेस काढले आणि आता त्याचा फोटो चौकाचौकात असतो. एकजण बायपासला प्लॉट विकू लागला. त्याच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं लिहिलेलं असे आणि मागे बुलडोझर उभा असे. आणि मी एका बियाणे कंपनीत उगवणशक्ती तपासायला लागलो.

हे काम तसं वनस्पतिशास्त्राचंच. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, सात दिवस ठेवायच्या, किती उगवल्या ते मोजायचं आणि लिहायचं. मी मॅडमना पेढे घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, एक तरी माझ्या कामाचा निघाला." हे कौतुक होतं का टोमणा, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली, एकामागून एक. शहर मात्र जोरात वाढत होतं. शेंद्र्याकडे कारखाने उभे राहत होते, जिथं ज्वारी होती तिथं सोसायट्या झाल्या होत्या आणि त्या सोसायट्यांत आठवड्याने पाणी येत होतं. माणसं टँकरच्या वेळेवरून सुट्ट्या टाकत. मॅडम तोवर निवृत्त होऊन रोशनगेटच्या मागच्या एका गल्लीत एकट्याच राहत होत्या.

त्या सालात पाऊस लांबला, शेतकऱ्यांचं पहिलं पेरणं वाया गेलं आणि दुबार पेरणीसाठी बियाण्याची एकदम मागणी आली. कंपनीच्या गोदामात बाजरीचा जुना साठा होता. मी तपासला. शंभरातल्या पंचावन्न उगवल्या. नियमाप्रमाणे पंचाहत्तर लागतात. आमचे मॅनेजर साबळे माझ्या टेबलाशी आले, कागद बघितला आणि मऊ आवाजात म्हणाले, "रमेश, मोजताना डोळ्यांवर ताण येतो रे. पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजलं. पंचावन्नच होत्या. मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं. पंचाहत्तर लिहिलं असतं तर संशय आला असता, एवढी अक्कल मी तीन वर्षांच्या नोकरीत मिळवली होती.

ती बाजरी कुठं गेली याची मी चौकशी केली नाही. ती पाचोडच्या बाजारात गेली होती. आमच्या चुलत्यांनी, भीमानानांनी, त्यातल्या दोन पिशव्या घेतल्या, कारण पिशवीवर माझ्या कंपनीचं नाव होतं. पाऊस झाला, त्यांनी पेरली, आणि शेत टकलावर केस यावेत तसं उगवलं. नानांनी मला फोन केला. मी म्हणालो, "नाना, पाऊसच कमी झाला. बी काय करणार?" दुष्काळाची एवढी एक सोय असते. सगळं पावसावर ढकलता येतं.

नानांचं समाधान झालं नाही. त्यांना आठवलं की मी सुट्टीत घरी आलो की कुण्या काझी मॅडमच्या गोष्टी सांगायचो. उरलेलं बी फडक्यात बांधून ते त्यांचा पत्ता शोधत गेले. मॅडमनी स्वयंपाकघरातल्या चार ताटल्या घेतल्या, त्यात टिपकागद घातले, प्रत्येकीत शंभर दाणे मांडले. आठवड्याने येणाऱ्या पाण्यातलं पाणी त्या रोज त्यांना घालत होत्या, हे मला नंतर कळलं. सातव्या दिवशी मला त्यांचा फोन आला.

"पाचोड, ये. मोजायला माणूस पाहिजे."

मी गेलो. नाना तिथंच बसले होते. ओट्यावर चार ताटल्या मांडलेल्या. मला काय ते समजलं. मी एकेक ताटली मोजली. त्रेपन्न, छप्पन्न, पंचावन्न, चोपन्न. मॅडम लिहून घेत होत्या.

"तुझ्या लॅबमध्ये किती आल्या होत्या?"

नाना माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर."

मॅडमनी पेन बंद केलं. "चहा घेणार का?" एवढंच म्हणाल्या. मी चहा न घेता निघालो.

दोन आठवड्यांनी तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांपुढे तक्रारींची सुनावणी झाली. पाचोडकडचे वीस-पंचवीस शेतकरी आले होते. मॅडम नानांच्या शेजारी बसल्या होत्या. मी साबळ्यांच्या बाजूला, इस्त्रीच्या शर्टात. मॅडमनी आपला कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, ही तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झालेली नाही. घरगुती ताटल्यांतला प्रयोग आम्हाला ग्राह्य धरता येत नाही."

साबळे हसले. "मॅडम, स्वयंपाकघरात भाकरी होतात. रिपोर्ट नाय होत."

दोघं-तिघं हसले. मॅडमनी भिंग साडीच्या पदराला पुसलं. तीस वर्षं दुसऱ्यांना बोलून गप्प करणारी ती बाई अशी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी उभा राहिलो.

"साहेब, आमच्या लॅबमध्ये पंचावन्न आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर मी लिहिलं."

साबळे म्हणाले, "याची तब्येत बरी नाही." पण अधिकारी लिहायला लागले होते.

मी बाहेर आलो. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की मॅडम पाठीवर हात ठेवतील, कदाचित दखनीत दोन शब्द बोलतील. त्या आल्या, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "एवढं सांगायला दोन आठवडे लागले तुला? बाजरी तीन दिवसांत उगवते."

कंपनीनं शेतकऱ्यांना नव्या पिशव्या बदलून दिल्या. तोवर पेरणीचे दिवस उलटून गेले होते. नाना वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. साबळ्यांची बदली झाली, तीही वरच्या जागेवर. माझी नोकरी गेली. बियाण्याच्या धंद्यात माझं नाव असं काही पसरलं की नंतर कुठल्याही लॅबनं मला दारात उभं केलं नाही. खोटं लिहितो म्हणून नव्हे. खरं सांगून टाकतो म्हणून. दोन वर्षं इकडंतिकडं केल्यावर शेंद्र्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायला लागलो. अजून तिथंच आहे.

मॅडमची आणि माझी शेवटची भेट त्या आजारी असताना झाली. मूत्रपिंडांनी दगा दिला होता, चेहरा सुजला होता. माझ्या वर्गातली सानिका नावाची एक मुलगी बी.एस्सी.ला जायचं म्हणत होती आणि तिचे वडील ऐकत नव्हते. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात शिफ्टवर होते. मला त्यांना पटवता येईना, म्हणून मी दोघांना मॅडमकडे घेऊन गेलो. मॅडम पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या.

सानिकाचे वडील अदबीनं म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. हे जीवशास्त्र शिकून पुढं काय व्हतं?"

मी वाट बघत होतो की त्या संशोधन, परीक्षा, परदेश असं काहीतरी सांगतील. माणूस पटवायला आणला होता, निदान थोडं तरी पुस्तकातलं बोलायला हवं होतं. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

"हा माझ्याकडं शिकला. शिकून याची नोकरी गेली."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मग मॅडम मुलीकडे वळल्या. "अब तू बोल, बेटा. पाहिजे का तुला?"

"पाहिजे," सानिका म्हणाली.

वडिलांनी घरी जाऊन ठरवतो म्हणून सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात फॉर्म भरला. का भरला हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यानंतर महिन्याभरानं मॅडम गेल्या. दफनाला आमच्या तुकडीतले अकराजण आले होते. क्लासेसवाला, लॅबवाला, प्लॉटवाला, सगळे. कबरस्तानाबाहेर उभं राहून प्रत्येकजण मॅडम आपल्याला काय बोलल्या होत्या ते सांगत होता. सगळ्यांच्या वाट्याला टोमणेच आले होते आणि ते सांगताना सगळे हसत होते, डोळे पुसत होते.

मी माझं, 'शिकून याची नोकरी गेली' हे, सांगितलं नाही. त्यांना तो टोमणा वाटला असता.