बिनआडाचा चाकू

मिटवायच्या चाकूला बोटापुढं पातं अडवणारा आड नसला की तो धोक्याचा, असं माझा नातू म्हणतो. म्हणू दे. माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट वाकत नाही आणि ते तसल्याच चाकूनं गेलंय, तरी मी चाकूला बोल लावणार नाही. आड नसतो म्हणूनच तो खिशात गपचिप बसतो. ऊस सोला, दोरी कापा, कांदा चिरा, कुठं अडत नाही. फक्त टोक खुपसायचं काम असलं की पातं घट्ट हवं. एवढं कळायला काही फार अक्कल लागत नाही.

निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. कळंबच्या कचेरीत नकला करायला एक माणूस घ्यायचा होता आणि उमेदवार होतो आम्ही दोघं, मी आणि माझा चुलतभाऊ. एकाच मौलवीसाहेबांकडं आम्ही अक्षर गिरवलं होतं. ज्याचं वळण चांगलं, त्याला जागा. माझे वडील गेलेले. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, कंबर धरून घरी यायची. मला नोकरी लागली की तिचं खुरपं सुटणार होतं. मी तसं तिला सांगूनही बसलो होतो.

लिहायचं बोरूनं, आणि बोरू कापायचा माझ्या चाकूनं. टोक तासणं सोपं. पण शाई उतरावी म्हणून मधोमध चीर पाडायची, तर चाकूचं टोकच खुपसावं लागतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भावानं चाकू मागून नेला. सकाळी कचेरीच्या आवारात लिंबाखाली त्यानं तो परत दिला. दिला म्हणजे, मिटलेला जमिनीवर ठेवला. आमच्याकडं चाकू हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. मी उचलला, उघडला, बोरूला टोक लावून दाबलं, आणि पातं फाटकन मागं फिरून बोटावर मिटलं. आई गं! हाडापर्यंत गेलं. आड असता तर आडावर थटलं असतं, हे खरंय.

भावानं धोतराचा काठ फाडून बोट बांधलं. "लई खोल गेलंय रं," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मग तो आत गेला, परीक्षा दिली आणि जागा त्याला मिळाली. मी मात्र गावभर सांगत फिरलो, सख्खा भाऊ करणार नाही एवढं यानं केलं म्हणून. किती गाढव असावं माणसानं!

जखम भरत आली तेव्हा त्याच्या घरी गेलो. तो जेवायला बसला होता. काकूनं माझं बोट बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तुला सांगितलं न्हवतं का ह्यानं? नारळातलं खोबरं उचकटताना चाकूची खीळ ढिली केली की! पातं नुसतं लुळं पडलं. म्या म्हणलं, तसाच दिऊ नगंस, त्याचं बोट जाईल."

मी भावाकडं बघितलं. "व्हय का रं?"

ध्यानात राहिलं न्हाय, एवढं जरी तो म्हणाला असता तरी मी मानलं असतं, देवाशपथ. मनातून मी त्याची वाटच बघत होतो. खोटं बोल, पण बोल बाबा! इतकी वर्षं एका पाटावर बसलो, तेवढं तर कर माझ्यासाठी.

तो खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिला.

"तुझं अक्षर माझ्यापरीस चांगलं हाय," तो म्हणाला. "म्हणून न्हाय सांगितलं."

मी तसाच उठलो. काकू मागनं हाका मारत होती. घरी आलो तर दाराला कडी होती, आई अजून रानातून यायची होती.