रामाजीचं पॅराशूट

विणकरांच्या तांडापेठेत प्रेमानंदभाऊंकडे कोणी जुनं कापड घेऊन आलं, की त्यांच्या बायको इंदूबाई आधी चहाचं आधण ठेवायच्या आणि मग पाण्याचा तांब्या भरून बाहेर आणायच्या. चहा पाहुण्यासाठीच. पाणीही त्याच्यासाठीच, पण निकाल ऐकल्यानंतरचं.

निकाल म्हणजे काय, तर प्रेमानंदभाऊ सांगायचे की तुमच्या आज्याने लढाईतून आणलेली वस्तू खरी की खोटी. माणूस शहात्तरीचा. अर्धं आयुष्य हातमागावर गेलं आणि माग बंद पडल्यावर वीस वर्षं सीताबर्डीच्या एका पडद्यांच्या दुकानात कापड फाडण्यात गेलं. तिथेच एकदा एक निवृत्त सुभेदार बापाचा लष्करी कोट उसवला म्हणून घेऊन आले. प्रेमानंदभाऊंनी आतून हात फिरवला आणि म्हणाले, "कोट लढाईतला आहे जी, पण अस्तर लग्नातलं आहे." सुभेदारांनी घरी विचारलं. खरंच, त्यांच्या आईने लग्नातल्या शालूचं अस्तर लावलं होतं! झालं, गावभर बोभाटा. मौद्यापासून लोक येऊ लागले. कोणी कांबळं आणी, कोणी टोपी, कोणी बिल्ल्याची फीत. तलवारीबिलवारीला मात्र भाऊ हात लावत नसत. "लोखंडातलं मले समजत नाही. सूत असंन तर बोला."

रीत साधी. भिंग लावायचं, किनारीचा एक धागा ओढायचा आणि काडी पेटवायची. सुती धागा जळाला की राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि टेरिकॉटचा वितळून मणी होतो. त्या मण्याने किती घराण्यांची इभ्रत घालवली, विचारू नका.

कळमेश्वरचे बाबनराव त्यातलेच. त्यांच्या आज्याने इंफाळहून आणलेला जपानी झेंडा घरातल्या प्रत्येक लग्नात व्याह्यांना दाखवला जायचा. प्रेमानंदभाऊंनी काडी लावली. टप्पकन मणी! "बाबनराव, जपान हरला तवा हे टेरिकॉट आपल्याकडे कोनं पाह्यलंही नव्हतं गा." बाबनरावांनी अख्खा तांब्या उभ्या उभ्या संपवला. पुढे कळलं, खरा झेंडा उंदरांनी खाल्ला होता आणि त्यांच्या वडिलांनी गुपचूप दुसरा शिवून घेतला होता. पण व्याही हसायचे ते हसलेच. बाबनरावांनी तेव्हापासून दात धरला होता.

आणि धरू नये तर काय करावं? कारण प्रेमानंदभाऊंच्या स्वतःच्या घरात, कपाटाच्या वर, काचेच्या चौकटीत, दोन हात लांबीचं एक पांढरं कापड होतं. त्यांचे वडील रामाजी लढाईत चार वर्षं ब्रह्मदेशात होते. जंगलात पडलेल्या पॅराशूटचा हा तुकडा. लहानपणी कोणी घरी आलं की आई, जनाबाई, ती गोष्ट रंगवून सांगायची. विमान कसं घोंघावत आलं, पॅराशूट झाडाला कसं अडकलं, रामाजी कसे वर चढले. हातवारे करता करता तिचा पदर सुटायचा. रामाजी मात्र कान खाजवत बसायचे. कोणी त्यांनाच विचारलं तर म्हणायचे, "मले काय विचारता? तिले विचारा." लोक म्हणायचे, वा, काय नम्र माणूस!

त्या कापडाला प्रेमानंदभाऊंनी जन्मात भिंग लावलं नव्हतं. इंदूबाई टोचायच्या, "दुनियेचं तपासता, घरचंच काहून नाही जी?"

"घरचं काय तपासाचं वं? तुले तपासलं का मी कधी?"

"तपासाले पाह्यजे होतं. दोघंही सुटलो असतो."

तर अशात त्यांची नात मयुरी, जी शाळेत शिकवते, तिने तिथेच 'घरोघरची लढाई' नावाचं प्रदर्शन भरवलं. लोकांच्या घरातल्या लढाईच्या वस्तू मांडायच्या. आजोबांचं पॅराशूट नाही म्हणजे काय! चौकट गेली, खाली कार्ड लागलं: 'ब्रह्मदेशातील पॅराशूट. आणणारे: रामाजी.' पहिल्याच दिवशी प्रेमानंदभाऊ धुतलेला सदरा घालून शेजारी उभे राहिले. आणि समोरून आले बाबनराव.

त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, हे तपासलं का?"

"बापाचं आहे गा."

"माझा झेंडाही आज्याचाच होता. तवा काडी कशी लावली?"

माणसं गोळा झाली. प्रेमानंदभाऊंनी चौकटीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर आजवर ज्यांचे घसे कोरडे केले, ते सगळे उद्या दारात येतील आणि बरोबरच येतील. हो म्हणावं आणि मणी झाला तर? बाप गेला तेव्हा मयताला आलेले लोक पॅराशूटचीच गोष्ट सांगत होते. आता भर शाळेत स्वतःच्या हाताने बापाला खोटं पाडायचं का? पण बाबनरावांचं चुकलं कुठे होतं? भाऊंनी चौकट उतरवली आणि काच काढली.

धागा ओढला, काडी लावली. राख झाली.

"सुती!" बाबनराव उसळले. "पॅराशूट रेशमाचं राह्यते."

"मानसं उतराची ती रेशमाची. रसद टाकाची ती सुतीही राहत," भाऊ म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. आता उगाच शिस्त म्हणून भिंग लावलं.

किनारीपासून चार बोटांवर कापडात एक बारीक विरळ रेघ होती. वरपासून खालपर्यंत. भाऊंचा हात तिथेच थांबला. ही रेघ त्यांच्या ओळखीची होती. घरच्या मागाच्या फणीचा एक दात तुटका होता, त्यामुळे त्या मागावरच्या प्रत्येक कापडात ती रेघ उमटायची. रामाजी जन्मभर त्या दाताला शिव्या घालत होते आणि त्याच मागावर प्रेमानंदभाऊ विणायला शिकले होते. कसला ब्रह्मदेश! कापड तांडापेठेतलं होतं.

मग गाठी दिसल्या. तुटलेलं सूत जोडताना प्रत्येकाची गाठ आपली वेगळी पडते. रामाजींची उजवीकडे वळायची. या सगळ्या डाव्या होत्या. घरात डावखुरं एकच माणूस होतं.

पण आई तर कधी मागावर बसली नव्हती! बाप विणायचा, ती सुताच्या कांड्या भरायची. त्यांनी तरी तसंच पाहिलं होतं. म्हणजे तिने विणलं ते त्यांच्या जन्माआधी, बाप नव्हता तेव्हा. चार वर्षं सासू-सासऱ्यांच्या पोटाला घालायला ती एकटी मागावर बसली होती आणि त्याबद्दल एक अक्षर कधी बोलली नव्हती. रामाजी तिकडे पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होते, एवढं भाऊंना ठाऊक होतं. परत आले ते हात हलवत. गल्ली म्हणायला लागली असेल, रामाजी लढाईत डाळ ढवळून आला. ते तिला सोसवलं नसणार. तिने आपल्याच थानातून दोन हात फाडले आणि म्हणाली, हे पॅराशूट.

आणि बाप म्हणायचा, तिले विचारा. नम्र कसला! बिचारा खरंच सांगत होता.

प्रेमानंदभाऊ खुदकन हसले आणि हसता हसताच डोळे भरले. माय मेली त्याला एकवीस वर्षं झाली होती आणि आज तिच्या बोटांची गाठ हाताला लागत होती. त्यांना ओरडून रडावंसं वाटलं.

"सांगा ना गा," बाबनराव म्हणाले. "खरं का खोटं?"

"पॅराशूट खोटं."

एवढे दिवस याच शब्दासाठी तळमळलेले बाबनराव, पण त्यांनाही हसता येईना. त्यांनी आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि पुढे केली. "घ्या जी."

भाऊ पोटभर पाणी प्यायले. मग मयुरीकडून पेन मागितलं, जुनं कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'लढाईच्या काळातलं कापड. अस्सल. विणणारी: जनाबाई.'

मयुरीने वाचलं. तिला काही उमजेना. "आबा, मग पणजोबांनी ब्रह्मदेशातून आणलं तरी काय?"

प्रेमानंदभाऊंनी कान खाजवला आणि कार्डावरच्या नावावर बोट ठेवलं.

"मले काय विचारतं वं? तिले विचार."