साखराबाईला राक्षस दिसला तेव्हा

धर्मापुरीच्या साखराबाई सुईणीला भीती कशी ती ठाऊक नव्हती. अंधारात ओढा ओलांडून ती बाळंतिणीकडे जायची, आणि वाटेत साप आडवा आला तर त्यालाच दम भरायची. निजामाचं राज्य होतं, दवाखाना लांब. आसपासच्या वस्त्यांतली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली.

अशा बाईला घाबरवलं ते एका पडद्यानं. महाशिवरात्रीच्या जत्रेत परळीला बाईस्कोपचा तंबू लागला होता. चित्रं मुकी, पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस गोष्ट सांगायचा आणि मधेच ढोल बडवायचा. साखराबाई नवऱ्याबरोबर, गहिनीनाथबरोबर, अगदी पुढं जाऊन बसली. पडद्यावर स्मशानातून राक्षस उठला, डोळे वटारून सरळ तिच्याकडंच चालत आला आणि त्याच वेळी ढोलावर दणका बसला. साखराबाईनं नवऱ्याचा दंड असा आवळला की नखं रुतली.

"अगं, कापड हाय ते!" गहिनीनाथ म्हणाला.

"मला कळतंय की!" ती म्हणाली. पण काळीज ऐकेना.

घरी आल्यावरही ऐकेना. भांडं पडलं की ती दचकायची. डोळा लागला की राक्षस पुढ्यात उभा. घास उतरेना, तळहात घामानं ओले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोटं थरथरायला लागली. शेजारची शिवकन्या पहिलटकरीण, तिचे दिवस भरत आलेले. हे असले हात घेऊन तिच्याकडं जायचं कसं? साखराबाई कुणाजवळ बोलली नाही.

एका दुपारी शिवकन्येची सासू जगदेवी धापा टाकत बोलवायला आली. जाऊन बघते तर पोरगी घामानं निथळत होती, श्वास वरचेवर अडकत होता.

"मावशे, मी वाचत न्हाई!"

"वाचतीस. माझ्याकडं बघ," साखराबाई सवयीनं बोलून गेली. "श्वास घे. आता हळू सोड, दिव्याची वात हलंल, पर विझायची न्हाई, अशी फुंकर घाल."

तिच्याबरोबर साखराबाईही फुंकर घालत राहिली. शिवकन्येचे आखडलेले खांदे सैल झाले, तशी साखराबाईच्या छातीतली धडधडही उतरली. तिनं हात पुढं केले तेव्हा एकही बोट थरथरत नव्हतं. दिवस कलायच्या आत मुलगी झाली, आणि तिनं असा टाहो फोडला की सगळी आळी दारात गोळा झाली.

चहा घेताना साखराबाईनं जगदेवीला सगळं सांगून टाकलं. "बाईस्कोपातल्या राक्षसानं माझी झोपच नेलती बघ."

"तुमी भ्यालात? मग बोलला कावून न्हाई?"

"सुईणच भ्याली म्हणल्यावर बाळंतिणीनं कुणाच्या तोंडाकडं बघावं?"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्या रात्री साखराबाई उन्हं अंगणात येईपर्यंत झोपली.

पुढच्या जत्रेत ती आळीतल्या सगळ्या बायका घेऊन तंबूत गेली. चित्र तेच होतं. राक्षस उठला, ढोल वाजला, आणि साखराबाईनं शिकवली होती तशी अख्ख्या रांगेनं एकदम फुंकर सोडली. गोष्ट सांगणारा बोलायचंच विसरला. साखराबाई आता डोळे न मिटता बघत होती.

"अगं बाया, त्याची मिशी बघा! एका बाजूनं सुटलीय!"

तंबू हसण्यानं दणाणला. ढोलवाल्याच्या हातातली टिपरी गळून पडली. चित्र संपलं तरी बायका उठेनात, साखराबाईनं पुढं होऊन तंबूवाल्याला गळच घातली, "दादा, त्या राक्षसाला अजून एकदा उठवा की!"