भट्टी रिपेअरला आहे

"जुनी वीट काढल्याबिगर नवी बसत नाही," असं म्हणून काकू वेलाला हात घालायच्या. मग तो वेल कुणीही लावलेला असो आणि त्यावर कितीही फुलं असोत. पदर कमरेला खोचलेला, पायात प्लांटचे सेफ्टी बूट, आणि एका हिसक्यात वेल मुळासकट बाहेर.

पोलाद प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर 2 मधल्या आमच्या क्वार्टरांच्या मागे एक पडीक तुकडा होता. काही घरांनी मिळून तिथे भाजीचा बगिचा केला. पगार कुणालाच नाही, मालक कुणीच नाही. जमेल त्यानं शिफ्ट सांभाळून राबायचं आणि भाजी वाटून घ्यायची. काकू प्लांटमध्ये भट्टीच्या आतल्या विटा बदलण्याच्या कामावर होत्या, नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेल्या. माहेर भंडाऱ्याकडचं आणि बोलणंही तिकडचंच. दसरा आला की बगिच्यात त्या 'कॅपिटल रिपेअर' जाहीर करायच्या. प्लांटमध्ये भट्टी बंद करून आतून पार नव्यानं बांधतात, तसं. पावसाळी वेल उपटा, माती उलथी करा, शेणखत घाला, वाफे धरा. आम्ही कंबर धरून बसलो की म्हणायच्या, "बसा, बसा. मेथी तुमच्यासाठीच थांबून राहिली!"

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर नुसतं उभं राहिलं तरी आपण आळशी आहोत असं वाटायला लागतं.

एका वर्षी ऐन दसऱ्यात बातमी आली, की टाउनशिपचे एक साहेब जागा बघायला येणार. जमीन वापरात दिसली नाही तर तिथे सामानाची शेड होणार. आणि त्या दिवसांत बगिचा दिसतो कसा, तर अर्धा वाळलेला आणि अर्धा खणलेला. भुरीनं पांढरे पडलेले दुधीचे वेल तेवढे मांडवावर उरले होते. साहेब येऊन जाईपर्यंत ते ठेवायचे, असं आम्ही ठरवलं.

नुसत्या वेलांनी भागणार नाही म्हणून शेजारच्या भाऊंना अक्कल सुचली. त्यांनी बाजारातून पोतंभर दुधी आणले आणि बाइंडिंग वायरनं वेलांना बांधून टाकले. शिडी मी धरली होती. पीळ मात्र पक्के बसले. शेवटी पोलादाच्या गावची माणसं!

काकू फर्स्ट शिफ्ट करून आल्या, मांडवाखाली थांबल्या आणि एका दुधीला टिचकी मारली.

"भाऊ, ह्या लौकीले तार कावून?"

"साहेबाले दाखवाले, काकू."

"साहेब काय आंधळा हाय? अन् हे वेल ठेवले तं गोबी कुठं लावता? रोपं वाढून राहिली. आता नाही लावली तं गेली समजा."

"पन जागाच गेली तं?" भाऊ चिडले.

"काम करता करता जाऊ दे. नाटक करता करता नोको."

भाऊंनीच पहिला वेल ओढला. संध्याकाळपर्यंत मांडव मोकळा झाला. दुधी घरोघरी वाटले, आणि त्या दिवशी सगळ्या क्वार्टरांतून एकाच भाजीचा वास येत होता.

साहेब आले तेव्हा बगिच्यात नुसती माती होती. दोरी लावून धरलेले सरळ वाफे, आणि त्यात नुकतीच लावलेली, उन्हानं माना टाकलेली फुलकोबीची रोपं.

"सब्जी कहां है?" साहेबांनी विचारलं.

काकू मातीचे हात घेऊन तशाच पुढे झाल्या.

"साहब, भट्टी रिपेअर में रहती है, तब कोई पूछता है क्या, लोहा कहां है?"

साहेब मोठ्यानं हसले. "ठीक है. जनवरी में आऊंगा. तब लोहा दिखाना."

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! जणू ते वाक्य मीच बोललो होतो.

दिवाळी झाली आणि काकूंच्या दारात टेम्पो उभा राहिला. त्या रिटायर झाल्या होत्या, क्वार्टर सोडायचं होतं, आणि मुलानं कुम्हारी गावात घर बांधलं होतं. बगिच्यासाठी साहेबांशी बोलल्या तेव्हाच त्यांना हे माहीत होतं. त्या फुलकोबीतला एक तुराही आपल्या वाट्याला येणार नाही, हेही माहीत होतं. आम्हाला मात्र त्यांनी कळू दिलं नव्हतं. मला रडू आलं, यात लपवायचं काय?

"रडून काय राहिले, भाऊजी? गोबीले पानी द्या," त्या टेम्पोतून मला ओरडून म्हणाल्या.

दिलं. भाऊंनी तर नाइट शिफ्टहून घरी न जाता दिलं.

जानेवारीत साहेब खरंच आले. पांढऱ्याशुभ्र गड्ड्यांच्या रांगांमधून हिंडले, एक गड्डा वाकून दाबून पाहिला आणि म्हणाले, "शेड के लिए दूसरी जगह देखेंगे."

त्या रविवारी सगळ्यात मोठा गड्डा घेऊन भाऊ आणि मी बसनं कुम्हारीला गेलो. काकूंनी दार उघडलं.

"जागा राहिली, काकू," भाऊंनी सांगितलं.

काकूंनी गड्डा दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले त्यांचे. मग आम्हाला या, बसा म्हणायचंही विसरून त्या अनवाणीच गल्लीत उतरल्या. शेजारच्या दाराची कडी वाजवली, मग त्याच्या पलीकडच्या.

"पाहा वं बाई! आमच्या बगिच्याची हाय, सेक्टर टूची!"

आम्ही दोघं त्यांच्या उघड्या दारात उभे राहिलो. त्या गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या, तरी आवाज स्वच्छ ऐकू येत होता.