बाबांच्या कपाळावरचा आरसा

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. आसेगावला मास्तर असलेल्या माझ्या बाबांना लकवा मारला. वाचा गेली, हातपाय गेले. मान तेवढी उरली, तीही आडवीच फिरायची, वरखाली होत नसे. त्यामुळे काहीही विचारा, बाबा ‘नाही’च म्हणतायत असं वाटायचं. चहा घेता का विचारून घरचे समोरचा कप तसाच परत न्यायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

सातवी झाल्यावर मला वाशीमच्या वसतिगृहात जायचं होतं. घरात शब्द मोठ्या काकांचा. त्यांनी बाबांना विचारलं, पोरीला पाठवायचं का? मान आडवी फिरली. झालं! बापच नको म्हणतो, तर आता स्थळ पाहू, असं काकांनी ठरवूनही टाकलं.

मी अशी चिडले म्हणून सांगू! बाबांचा दाढीचा आरसा माझ्या रिबिनीनं त्यांच्या कपाळाला बांधला आणि त्यांना सकाळच्या उन्हात बसवलं. समोरच्या सावलीतल्या भिंतीवर कवडसा पडला. मान फिरली की तोही फिरे. मग त्या भिंतीवर मी कोळशानं सगळी मुळाक्षरं एका ओळीत लिहिली. काना-मात्रा आपण लावून घेऊ म्हटलं. कवडसा आधी ‘च’वर थांबला, मग ‘ह’वर. आई रडत रडत चहा ठेवायला पळाली.

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. त्यांना अक्षरओळख नव्हती. बाबांनी ‘श’, ‘क’, ‘व’ दाखवलं. मी ‘शिकव’ असं वाचलं.

“आपल्या मनचं वाचून राह्यली तू,” काका म्हणाले.

खरं सांगते, त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मग त्यांनी बाबांना मला ठाऊक असूच शकत नव्हतं असं काही विचारलं. लहानपणी पाटलाच्या विहिरीत कोण पडलं होतं? त्या विहिरीवर आम्हा लोकांना मनाई होती, एवढंच मला माहीत. कवडसा ‘द’वर गेला, हलला, पुन्हा ‘द’वरच आला.

“दादा,” मी वाचलं. बाबा काकांनाच दादा म्हणत.

काका बाबांच्या पायाशी बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. धाकट्यानं दोर टाकून थोरल्याला वर काढलं होतं. बोभाटा झाला तर साऱ्या वस्तीला मार बसेल, म्हणून दोघांनी हे आजीलाही सांगितलं नव्हतं. काका बराच वेळ बाबांचा पाय चेपत राहिले.

“यानं मले वर काढलं,” ते म्हणाले, “अन् याच्या पोरीले मी खाली ढकलू काय? पेटी भर. उद्या मीच नेऊन देतो तुले.”